साच्याचे मेण आणि ओठांतील भर

तुळशीचे लग्न आटोपले की आपल्याकडे लग्नसराईस आरंभ होतो. गेल्या मोसमात एके सायंकाळी आरतीनंतर आम्ही देवळाच्या अग्रशाळेत बसलो असता परिचयातील एक गृहिणी आपल्या कन्येला घेऊन आल्या. कन्येचा विवाह पाच आठवड्यांवर आला होता. ओठ भरदार दिसावेत म्हणून तिने वर्षभरात तीन वेळा सुईने त्यांत भर घालून घेतली होती. आता वरच्या ओठाच्या कडेबाहेर, नाकाखालच्या जागी, एक मऊ फुगवटा दिसू लागला होता. "आणखी थोडी भर घातली की सारखे होईल, असे तिथल्या बाई सांगतात. तुम्ही जुनीनवी पुस्तके वाचता, म्हणून विचारते. हे खरे असेल का हो?" असा त्या माउलीचा प्रश्न होता. कन्या पदर तोंडाशी धरून उभी होती.

आम्ही वैद्य नाही, हे त्यांस प्रथमच सांगितले. परंतु प्रश्न मनातून जाईना. ज्या गोष्टीला आज इंग्रजी वळणाने 'फिलर' म्हणतात, तिचा इतिहास चाळता चाळता असे दिसून आले की हा प्रश्न नवा नाही. देहात घातलेली परकी वस्तू ठेवल्या जागी राहील का, आणि न राहिल्यास काय करावे, हे कोडे युरोपातील शल्यविशारदांस सव्वाशे वर्षांपूर्वीच पडले होते. त्याची उत्तरे माणसांनी फार मोल देऊन मिळविली आहेत. ती वाचकांपुढे ठेवावीत, एवढाच या लेखाचा हेतू.

आरंभ आपल्याच ग्रंथापासून करू. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय कर्णवेधाचा म्हणून ओळखला जातो. कान टोचणे आणि फाटलेल्या पाळ्या सांधणे हा त्याचा मुख्य विषय असून कर्णसंधानाचे पंधरा प्रकार तेथे सांगितले आहेत. अध्यायाच्या अखेरीस तुटलेल्या नाकाचे संधान येते. नाकाच्या मापाचे झाडाचे पान घ्यावे, त्या मापाने गालाचे मांस उचलावे, मात्र ते गालाशी जोडलेले राहू द्यावे, आणि नाकाच्या जागी बसवून श्वासासाठी नळ्या घालाव्यात, असा तो विधी आहे. ओठ तुटला असेल तर नळ्या वगळून हाच विधी करावा, असेही ग्रंथकार सांगतो. येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की पान हे केवळ मापासाठी आहे. ते देहात जात नाही. देहात जाते ते देहाचेच मांस, आणि तेही आपल्या मुळापासून न तुटलेले.

हीच विद्या अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या परिसरात जिवंत होती, याचा पुरावा लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या १७९४ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अंकात छापलेल्या एका पत्रात मिळतो. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा एक गडी १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात तोडण्यात आला. वर्षाहून अधिक काळ तो बिननाकाने राहिला. पुढे पुण्याजवळच्या एका विटा घडविणाऱ्या जातीच्या माणसाने त्याला नवे नाक करून दिले. त्या कारागिराचे नाव पत्रात आलेले नाही. थॉमस क्रुसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज वैद्यांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली होती.

पद्धत अशी. प्रथम मेणाची पातळ पट्टी नाकाच्या उरलेल्या भागावर बसवून नाकाचा आकार घ्यावयाचा. मग ती पट्टी सपाट करून कपाळावर ठेवावयाची आणि तिच्या कडेने रेघ ओढावयाची. एवढे झाले की मेणाचे काम संपले. रेघेच्या आतील कातडी सोडवून घ्यावयाची, पण दोन्ही डोळ्यांच्या मधली पट्टी तशीच ठेवावयाची, म्हणजे रक्ताचा प्रवाह चालू राहतो. ती कातडी खाली वळवून नाकाच्या जागी बसवावयाची. सांध्यावर पाण्यात भिजविलेल्या काताच्या चिंध्या एकावर एक ठेवावयाच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात बुडविलेली फडकी लावावयाची. डोळ्यांमधली पट्टी पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास, नवी कातडी रुजल्यावर, तोडावयाची. हे वर्णन वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने लंडनमध्ये १८१४ साली तशीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. तेथून ही रीत युरोपभर गेली.

आमच्या वाचकांस मेणाचा हा उपयोग परका वाटणार नाही. देवाच्या धातूच्या मूर्ती मधूच्छिष्ट विधीने ओततात, तेव्हा प्रथम मेणाचीच मूर्ती घडवितात. तिच्यावर मातीचा लेप देतात, तापवून मेण बाहेर वाहू देतात, आणि त्या पोकळीत धातू ओततात. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात हा विधी सांगितला आहे. मेण आकार देते आणि निघून जाते. पुण्याच्या त्या अनामिक कारागिरानेही मेणाकडून तेवढीच सेवा घेतली.

यानंतर जेमतेम शंभर वर्षांनी मेण देहाच्या आत गेले. १८९९ साली व्हिएन्ना येथील रॉबर्ट गेरसुनी या शल्यविशारदाने, क्षयामुळे शस्त्रक्रिया झालेल्या एका तरुणाच्या देहातील उणीव भरून काढण्यासाठी, पातळ केलेले व्हॅसलिन सुईने आत सोडले. व्हॅसलिन म्हणजे खनिज तेलापासून निघणारे मऊ मेणच. परिणाम प्रथम उत्तम दिसला. शस्त्राचा वार नाही, व्रण नाही, आणि क्षणात आकार मिळतो, हे पाहून अनेक देशांतील वैद्य या उपायाकडे वळले. बसकी नाके उंचावली गेली, गालांचे खळगे आणि कपाळाच्या सुरकुत्या भरल्या गेल्या.

परंतु मऊ मेण देहाच्या उष्णतेच्या आसपासच वितळते. ते घातल्या जागी राहीना. म्हणून पुढे अधिक उष्णतेवर वितळणारे कठीण पॅराफिन वापरण्यात येऊ लागले. त्यानेही निभाव लागला नाही. देह परक्या वस्तूला ओळखतो आणि तिच्याभोवती कठीण गाठी बांधतो. या गाठींस 'पॅराफिनोमा' असे नाव पडले. काही रुग्णांत मेण रक्तवाहिनीत शिरून फुप्फुसापर्यंत गेले, काहींची दृष्टी गेली. गाठी कापून काढाव्यात तर मेण आजूबाजूच्या मांसात इतके विखुरलेले असे की चेहराच विद्रूप होई. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत युरोप-अमेरिकेतील जाणत्या वैद्यांनी हा उपाय बहुतांशी टाकून दिला.

या काळातील एक कहाणी फार बोलकी आहे. ग्लॅडिस डीकन ही अमेरिकन कुळातील, पॅरिसमध्ये १८८१ साली जन्मलेली मुलगी आपल्या रूपासाठी युरोपभर प्रसिद्ध होती. नाकाचा कणा जुन्या ग्रीक पुतळ्यांसारखा सरळ दिसावा या हौसेने, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या सुमारास तिने नाकात पॅराफिन घालून घेतले. ते मेण हळूहळू खाली हनुवटीकडे उतरले आणि त्या सुंदर मुखाचा आकार बिघडला. पुढे १९२१ मध्ये ती मार्लबरोच्या नवव्या ड्यूकची पत्नी झाली. मोठे पद मिळाले, ब्लेनमसारखा वाडा मिळाला, पण गेलेला चेहरा परत मिळाला नाही. १९७७ साली ती वारली. तिच्या हौसेला हसण्याचा अधिकार कोणासच नाही. तिचे दुर्दैव एवढेच की घातलेले मेण पुन्हा बाहेर काढण्याचा उपाय त्या काळी कोणापाशीही नव्हता.

यातून माणूस शिकला असे म्हणावे, तर दुसऱ्या महायुद्धानंतर तोच प्रयोग नव्या द्रव्याने सुरू झाला. जपानात आणि नंतर अमेरिकेत पातळ सिलिकोन सुईने देहात घालण्याची लाट आली. मेणाप्रमाणे तेही सरकले, त्याच्याही गाठी झाल्या. १९७० च्या दशकात अमेरिकेतील नेवाडा राज्याने त्यास कायद्याने बंदी केली. सौंदर्यासाठी पातळ सिलिकोन टोचण्यास अमेरिकन औषध प्रशासनाने कधीही मान्यता दिलेली नाही. तरीही चोरटेपणाने ते आजही काही ठिकाणी टोचले जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

१९८१ साली अमेरिकेत कोलॅजेन या द्रव्यास मान्यता मिळाली. ते देहात काही महिन्यांत विरून जाई, हा त्याचा गुण. परंतु ते गाईगुरांच्या कातड्यापासून काढलेले असे, आणि काहींस त्याची बाधा होत असल्याने आधी कातडीवर चाचणी घ्यावी लागे. आमच्या वाचकांपैकी अनेकांस त्याच्या उगमाचीच अडचण वाटली असती, हे सांगावयास नको.

आज ओठांत जी भर घालतात ती बहुधा हायल्युरॉनिक आम्लाची असते. कार्ल मायर आणि जॉन पामर या शास्त्रज्ञांनी १९३४ साली न्यूयॉर्क येथे गुरांच्या डोळ्यांतील काचेसारख्या पारदर्शक द्रवातून हे द्रव्य प्रथम वेगळे केले. ग्रीक भाषेत काचेस जो शब्द आहे त्यावरूनच त्याचे नाव पडले. ते परके नव्हे. आपल्या कातडीत, सांध्यांत आणि डोळ्यांत ते निसर्गतःच असते व पाणी धरून ठेवते. पुढे ते कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढीत. आता बहुतेक ठिकाणी सूक्ष्म जंतूंकडून आंबवून तयार करतात, आणि लवकर विरू नये म्हणून त्याचे धागे रासायनिक रीतीने एकमेकांत गुंतवितात. अशी गुंतविलेली भर युरोपात १९९६ पासून आणि अमेरिकेत २००३ च्या अखेरीपासून मिळू लागली. अमेरिकेत ओठांसाठी तिला स्वतंत्र मान्यता २०११ साली मिळाली.

हे द्रव्य मेणाहून व सिलिकोनहून कितीतरी निर्धोक आहे, हे निःसंशय. पण ते सरकत नाही असे मात्र नाही. ओठांभोवती वलयाकार स्नायू आहे. बोलणे, जेवणे, हसणे यांत तो दिवसभर हलतो. ओठाच्या लाल भागाची जागा लहान आहे. तिच्यात मावेल त्याहून अधिक भर घातली, पहिली भर शिल्लक असतानाच दुसरी-तिसरी घातली, सुई चुकीच्या खोलीवर किंवा कडेच्या फार जवळ गेली, अथवा नंतर जोराने चोळले, तर भर सोपी वाट शोधते आणि कडेबाहेर पडते. भर सहा महिन्यांत किंवा वर्षात संपते असे सांगितले जाते. परंतु एमआरआय चित्रांत काही व्यक्तींच्या चेहऱ्यांत ती अनेक वर्षांनंतरही आढळली आहे. तेव्हा संपली असे समजून वर पुन्हा घालीत जाणे, हेच सरकण्याचे मोठे कारण होय.

मग ते ओळखावे कसे? टोचल्यावर पहिले काही दिवस ओठ सुजतात, काळेनिळेही पडतात. ती सूज ओसरण्यास दोन आठवडेही लागतात. तेवढ्यात घाबरून निर्णय करू नये. सूज गेल्यानंतर, कित्येकदा काही महिन्यांनी, खरी लक्षणे दिसतात. ओठाची रेखीव कड पुसट होते. वरच्या ओठाच्या वर मऊ गादीसारखा उंचवटा येतो व त्याची सावली पडून मिशीची रेघ असल्याचा भास होतो. नाकाखालची पन्हळ सपाट होते. बाजूने पाहिल्यास वरचा ओठ फळीसारखा पुढे आलेला दिसतो. आणि सर्वांत फसवे लक्षण हे, की भर बाहेर गेल्यामुळे प्रत्यक्ष ओठ पुन्हा बारीक वाटतो, आणि आणखी भर घालावी अशी इच्छा होते. आधीचे एखादे छायाचित्र शेजारी ठेवून पाहिले की फरक कळतो.

सरकलेली भर दिसावयास वाईट असली तरी सहसा जिवावर बेतणारी नसते. परंतु दोन गोष्टी तिच्याहून निराळ्या आहेत आणि त्यांची ओळख प्रत्येक घरात असावी. गाठ कठीण, तांबडी, गरम व दुखरी असेल, तर तो जंतुदोष किंवा देहाने केलेला दाह असू शकतो. त्यासाठी विलंब न लावता वैद्याकडे जावे. आणि टोचतेवेळी किंवा त्यानंतरच्या काही तासांत असह्य वेदना झाल्या, कातडी पांढरी पडली अथवा जाळीसारखी निळसर झाली, किंवा डोळ्यांस कमी दिसू लागले, तर भर रक्तवाहिनीत गेली असावी. अशा वेळी एक तासही दवडू नये.

आता उपायाचा इतिहास पाहू. तो मोठा नवलाचा आहे. १९२८ च्या सुमारास फ्रान्सिस्को दुरान-रेनाल्स या शास्त्रज्ञास असे आढळले की प्राण्यांच्या वृषणाच्या अर्कात असे काही आहे, की ज्यामुळे कातडीत टोचलेला जंतू झपाट्याने पसरतो. त्यास 'पसरविणारा घटक' असे म्हणू लागले. १९४० च्या सुमारास, पुढे पेनिसिलिनमुळे विख्यात झालेले अर्न्स्ट चेन आणि त्यांचे सहकारी यांनी दाखविले की हा घटक हायल्युरॉनिक आम्लास फोडतो. त्यास हायल्युरॉनिडेझ हे नाव मिळाले. पसरविण्याच्या गुणामुळे जो ओळखला गेला, तोच घटक आज पसरलेली भर विरघळविण्याच्या कामी येतो. ग्लॅडिस डीकनला जे मिळाले नाही, ते आजच्या मुलीला मिळू शकते.

मात्र ते योग्य हातून मिळावयास हवे. पहिला उपाय म्हणजे थांबणे. सरकलेल्या भरेवर नवी भर घालणे म्हणजे गळक्या हौदात पाणी ओतणे. दुसरा उपाय म्हणजे कोणते द्रव्य घातले होते त्याचे नाव मिळविणे. डबीवरील चिठ्ठी मागून घ्यावी. नाव कळत नसेल तर सोनोग्राफीने काही अंदाज येतो. द्रव्य हायल्युरॉनिक आम्लाचे असेल, तरच हायल्युरॉनिडेझचा उपयोग होतो. सिलिकोनवर किंवा कायम टिकणाऱ्या अन्य द्रव्यांवर ते चालत नाही. तेथे अनुभवी शल्यविशारदाचीच गाठ घ्यावी लागते, आणि सगळे निघेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही.

हायल्युरॉनिडेझ हे औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नव्हे. ते नोंदणीकृत त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक शल्यविशारद यांनीच द्यावे. क्वचित त्याची तीव्र बाधा होते. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर पूर्वी ज्यांस मोठी बाधा झाली असेल, त्यांनी ती गोष्ट आधी सांगितलीच पाहिजे. गर्भवतींनीही आपली स्थिती लपवू नये. गुण एक-दोन दिवसांत दिसू लागतो, कधी दुसऱ्यांदा टोचावे लागते. काही दिवस ओठ कोमेजल्यासारखे वाटतात. देहाचे स्वतःचे आम्ल तो पुन्हा तयार करतो, म्हणून धीर धरावा. पुन्हा भर घालावयाची झाल्यास निदान दोन आठवडे तरी जाऊ द्यावेत. हे औषध कोठे मेंढ्यांच्या किंवा गुरांच्या अवयवांपासून, तर कोठे प्रयोगशाळेत मानवी घटकाच्या नमुन्यावर तयार करतात. ज्यांस उगमाचा विधिनिषेध आहे त्यांनी तसे विचारावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. आणि फुगवटा अगदी थोडा असेल, तर काही न करता वाट पाहणे हाही एक मार्ग आहे. घरी दाबून, चोळून भर जागेवर आणण्याचा यत्न मात्र करू नये.

शृंगार करू नये असे आम्ही म्हणत नाही. आपल्या देवतांसही आपण अलंकार घालतो, आणि शेजारतीपूर्वी ते उतरवूनही ठेवतो. जे उतरविता येते ते अलंकार. जे उतरविता येणार नाही ते अंगी लावताना माणसाने दहादा विचार करावा, एवढेच मागील सव्वाशे वर्षे सांगतात.

त्या माउलीस आम्ही हेच सांगितले. "आणखी भर नको. आधी काय घातले त्याचे नाव मिळवा, आणि शहरातील मोठ्या वैद्यांकडे जा. लग्नाची तारीखही त्यांस सांगा." कन्येने तेव्हा प्रथमच मान वर केली आणि विचारले, "काका, ते काढले तर मी पूर्वीसारखी दिसेन ना?" आम्ही म्हणालो, "बाळ, ते वैद्यच सांगतील. पण पूर्वी तुझ्यात काही उणे होते, असे आम्हांस कधी वाटले नाही." त्या मायलेकी वैद्यांकडे गेल्या. द्रव्य विरघळणाऱ्या जातीचे निघाले. वैद्यांनी मुहूर्ताचे दिवस मोजूनच उपचार केला.

विवाहाच्या दिवशी आम्ही अक्षता टाकावयास गेलो होतो. मुंडावळ्यांखाली तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. मंगलाष्टके संपली, अंतरपाट दूर झाला आणि ती मोकळेपणी हसली. पदर तोंडाशी नव्हता.